बेल वाजली की चिकन: भुंकण्याचं बक्षीस की भीतीवरचा उपाय?

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा. मोती हा तीन वर्षांचा गावठी कुत्रा, रस्त्यावरून घरी आणलेला. दाराची बेल वाजली की तो दाराकडे धावतो, भुंकून घर डोक्यावर घेतो आणि कुरिअरवाला निघून गेला तरी बराच वेळ गुरगुरत राहतो. ट्रेनरने सांगितलं, बेल वाजताक्षणी चिकनचा तुकडा द्या, तो भुंकत असला तरी द्या. सासऱ्यांचं म्हणणं, भुंकताना खाऊ दिला तर भुंकण्याचीच सवय लागेल. तुम्ही वाचायला बसलात, क्लासिकल कंडिशनिंग आणि ऑपरंट कंडिशनिंग यांच्या व्याख्या वाचल्या आणि गोंधळ आणखी वाढला. आता ऐकायचं कोणाचं?

मी घरोघरी जाऊन कुत्र्यांच्या वागणुकीवर काम करते आणि हा वाद मला बहुतेक घरांत ऐकू येतो. तुमचे सासरे आणि ट्रेनर दोघेही प्राण्यांच्या शिकण्याचा एकेक खरा नियम सांगताहेत. मोतीच्या डोक्यात सध्या कोणता नियम जास्त जोरात चालू आहे, हे ओळखल्याशिवाय निकाल देता येणार नाही. म्हणून आधी दोन्ही नियम नीट मांडते, मग मोतीकडे येते.

इव्हान पाव्हलॉव्हची गोष्ट बहुतेकांना अर्धीच माहीत असते. हा रशियन शरीरशास्त्रज्ञ. त्याला १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामासाठी. कुत्र्याच्या लाळग्रंथीची नळी छोट्या शस्त्रक्रियेने गालाबाहेर आणून तो लाळेचे थेंब मोजत असे. मोजता मोजता लक्षात आलं की अन्न तोंडात पडायच्या आधीच, अन्न देणारा माणूस दिसला तरी लाळ सुटते. मग त्याने मुद्दाम तसे प्रयोग केले: आधी मेट्रोनोमची (ठेका धरणाऱ्या यंत्राची) टिकटिक, पाठोपाठ अन्न. असं पुन्हा पुन्हा झाल्यावर नुसत्या टिकटिकीने लाळ येऊ लागली. हे क्लासिकल कंडिशनिंग, आपल्या पाठ्यपुस्तकांतलं अभिजात अभिसंधान.

यातली एक बाब सहज नजरेतून सुटते. त्या कुत्र्याने काय केलं म्हणून त्याला अन्न मिळालं? काहीच नाही. तो उभा असता, त्याने तोंड फिरवलं असतं, अगदी भुंकला असता, तरी टिकटिकीनंतर अन्न येणारच होतं. कुत्रा शिकला ते जगाबद्दल: ह्याच्या मागून ते येतं. आणि जे येणार आहे त्यासाठी त्याचं अंग आधीच तयार होऊ लागलं. लाळ हा त्या तयारीतला मोजता येण्याजोगा भाग होता, एवढंच. अन्नाऐवजी वेदना आली असती तर हीच यंत्रणा भीती तयार करते. छाती धडधडते, अंग आखडतं, डोळे विस्फारतात. यातलं काहीही प्राणी ठरवून करत नाही.

१९६८ साली रॉबर्ट रेस्कोर्ला यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगाने या समजुतीला मोठी धार आणली. आवाज आणि विजेचा झटका सोबत येण्याची शक्यता दोन गटांत सारखीच ठेवली, पण एका गटाला आवाज नसतानाही तितकेच झटके बसत. त्या गटातले उंदीर आवाजाला घाबरायला शिकले नाहीत. म्हणजे दोन गोष्टी एकत्र येणं पुरत नाही. पहिलीने दुसरीची खबर द्यायला हवी. हे लक्षात ठेवा, कारण मोतीच्या चिकनशी याचा थेट संबंध आहे.

दुसरा नियम एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या मांजरांपासून सुरू होतो. १८९८ साली त्याने आपला प्रबंध लिहिला तो या प्रयोगांवर. भुकेलं मांजर फळ्यांच्या पेटीत बंद, बाहेर खाणं, आणि आत एखादी दोरी किंवा कडी. मांजर ओरबाडतं, चावतं, अंग घुसवतं, आणि त्या धडपडीत कधीतरी दोरी ओढली जाऊन दार उघडतं. पुढच्या वेळी जरा लवकर, त्याच्या पुढच्या वेळी आणखी लवकर. ज्या कृतीचा परिणाम चांगला झाला ती टिकली, बाकीची धडपड गळून गेली. पुढे बी. एफ. स्किनरने कळ दाबणारे उंदीर आणि चकतीवर चोच मारणारी कबुतरं घेऊन याचा बारकाईने अभ्यास केला. त्याचं या विषयावरचं पहिलं मोठं पुस्तक १९३८ साली आलं. हे ऑपरंट कंडिशनिंग, म्हणजे साधक अभिसंधान. इथे प्राणी स्वतःच्या कृतीबद्दल शिकतो: मी असं केलं की तसं होतं.

फरक सांगताना पुस्तकांत बहुधा लिहिलेलं असतं की क्लासिकल म्हणजे आपोआप होणाऱ्या क्रिया आणि ऑपरंट म्हणजे स्वेच्छेने केलेल्या. परीक्षेपुरतं हे चालेल, पण प्रत्यक्ष कुत्र्यासमोर उभं राहिल्यावर ही फूटपट्टी दगा देते. भुंकणं आपोआप की स्वेच्छेने? भीतीने निघालेलं भुंकणं आणि बिस्किटासाठी केलेलं भुंकणं एकाच घशातून येतं. मी स्वतःला दुसराच प्रश्न विचारते: खाऊ येणार की नाही, हे कशावर ठरतं? बेल वाजण्यावर ठरत असेल तर ती मांडणी क्लासिकल. कुत्र्याने काय केलं त्यावर ठरत असेल तर ती मांडणी ऑपरंट.

ही फूटपट्टी किती महत्त्वाची आहे ते कबुतरांनी दाखवून दिलं, आणि हा प्रयोग मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त आवडतो. १९६८ साली ब्राउन आणि जेंकिन्स यांनी कबुतरांच्या पिंजऱ्यात एक चकती काही सेकंद उजळवायची आणि मग दाणे द्यायचे, अशी व्यवस्था केली. कबुतराने काहीही केलं तरी दाणे ठरलेले. तरीसुद्धा कबुतरं त्या उजळलेल्या चकतीवर चोच मारू लागली. कोणी शिकवलं नव्हतं, गरजही नव्हती. पुढच्या वर्षी विल्यम्स आणि विल्यम्स यांनी उलटी अट घातली: चकतीवर चोच मारली तर त्या खेपेचे दाणे रद्द. परिणामांचाच नियम चालू असता तर कबुतरांनी चोच मारणं लवकरच सोडायला हवं होतं. पण बरीचशी कबुतरं दाणे गमावूनही चोच मारत राहिली. १९७३ साली जेंकिन्स आणि मूर यांनी चोचींची छायाचित्रं काढली, तेव्हा दिसलं की चकती उजळल्यावर दाणे येणार असतील तर कबुतर दाणा टिपल्यासारखी चोच मारतं आणि पाणी येणार असेल तर पाणी प्यायल्यासारखी. बाहेरून पाहणाऱ्याला ती चोच अगदी ठरवून केलेली कृती वाटेल. ती येत होती मात्र 'ह्याच्या मागून ते येतं' या अपेक्षेतून.

मोतीचं भुंकणंही असंच असू शकतं. बाहेरून ती त्याने निवडलेली कृती दिसते, पण तिचं मूळ अपेक्षेत आणि भीतीत असू शकतं. तसं असेल तर बक्षीस-शिक्षेचा हिशेब तिला फारसा लागू पडत नाही.

आता मोती. त्याच्या बाबतीत बहुतेक दोन्ही नियम एकाच वेळी काम करताहेत, आणि एक दुसऱ्याला खतपाणी घालतो आहे. बेल वाजते, मग दारात अनोळखी माणूस येतो. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला अनोळखी माणसांकडून काय काय मिळालं असेल, आपल्याला ठाऊक नाही. बेल त्या माणसाची खबर देते, म्हणून बेलच भीतीदायक झाली. हा क्लासिकल भाग. मग तो भुंकतो, आणि कुरिअरवाला पार्सल देऊन निघून जातो. तो जाणारच होता, पण मोतीच्या लेखी हिशेब सरळ आहे: मी भुंकलो, तो गेला. भीतीचं कारण दूर झालं आणि जीव हलका झाला, हेच भुंकण्याचं बक्षीस. याला ऋण प्रबलन म्हणतात. नकोशी गोष्ट दूर झाल्यामुळे कृती बळकट होणं, असा त्याचा अर्थ. शिक्षेशी त्याची गल्लत करू नका. ओ. एच. मॉवरर यांनी १९४७ साली टाळाटाळीच्या वागणुकीबद्दल मांडलेला द्विघटक सिद्धान्त साधारण हेच सांगतो: भीती पहिल्या नियमाने लागते, आणि भीतीपासून सुटका करून देणारी कृती दुसऱ्या नियमाने पक्की होते.

इथे एक गोष्ट सासऱ्यांना नक्की दाखवा. तुम्ही चिकनचा एक तुकडाही दिलेला नाही, तरी मोतीच्या भुंकण्याला आजवर रोज बक्षीस मिळतच आलं आहे. कुरिअर, दूध, गॅस सिलिंडर, इस्त्रीवाला, जो येतो तो परत जातो. तुम्ही खाऊ रोखून धरलात म्हणून ते बक्षीस थांबणार नाही.

मोतीला मी पाहिलेलं नाही, आणि पुढचं सगळं त्याच्या भुंकण्यामागे काय आहे यावर अवलंबून आहे. घाबरलेला कुत्रा भुंकताना वजन मागच्या पायांवर ठेवतो, पुढे झेपावतो आणि मागे सरकतो. कान मागे चिकटतात, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसतं, भूक नसताना जीभ ओठांवरून फिरते, शेपटी खाली जाते. शेपटी हलते आहे एवढ्यावर जाऊ नका. ताणलेली शेपटी ताठ उभी राहूनही हलते. दुसरा प्रकार आनंदाने वेडा होणाऱ्या कुत्र्याचा. त्याचं अंग सैल असतं, कंबर शेपटीबरोबर डुलते, आणि दार उघडलं की तो पाहुण्याच्या अंगावर उड्या मारतो. तिसरा प्रकार शिकून भुंकणारा. तो भुंकतो आणि लगेच तुमच्या तोंडाकडे बघतो, पुन्हा भुंकतो आणि पुन्हा बघतो. तुम्ही लिहिलंय की माणूस गेल्यावरही मोती बराच वेळ गुरगुरतो. यावरून मला भीतीची शंका जास्त येते. तरी मोबाइल एका कोपऱ्यात लावून दोन-तीन वेळा व्हिडिओ काढा आणि आवाज बंद करून बघा. भुंकण्याचा गोंगाट बाजूला झाला की अंगाची भाषा स्वच्छ दिसते.

भीती असेल असं धरून सासऱ्यांच्या आक्षेपाकडे येते. भीती ही कृती नाही, त्यामुळे ती बक्षिसाने वाढत नाही. कुणाला साप दिसला आणि आपण त्याच्या हातात लाडू ठेवला, म्हणून त्याला पुढच्या वेळी साप जास्त भीतीदायक वाटणार नाही. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या, सशाला घाबरणाऱ्या लहान मुलावर काम केलं. तो आवडीचं खात असताना ससा लांब ठेवायचा आणि हळूहळू, त्याला झेपेल इतकाच, जवळ आणायचा. मुलाची भीती कमी होत गेली. घाबरताना खायला दिलं म्हणून घाबरण्याची सवय लागली नाही. तुमच्या ट्रेनरने सांगितलेला उपाय याच घराण्यातला आहे. बेल आता अनोळखी माणसाची खबर देते, तीच चिकनची खबर देऊ लागावी, एवढं आपल्याला हवं आहे. भीती ओसरली की तिच्यातून निघणारं भुंकणंही ओसरतं.

म्हणूनच ट्रेनर म्हणाले, भुंकत असला तरी द्या. मांडणी क्लासिकल ठेवायची तर बेल वाजली की चिकन आलंच पाहिजे, बिनशर्त. 'आधी गप्प बस, मग देते' म्हटलंत की चिकन त्याच्या वागण्यावर ठरू लागलं आणि मांडणी बदलली. घाबरलेल्या जिवाला ती अट पाळताच येत नाही. मग चिकन बहुतेक वेळा मिळत नाही, बेल आणि चिकन यांचं नातं जुळत नाही, आणि महिनाभराने घरातले म्हणतात, आमच्या कुत्र्यावर हे चालत नाही.

पण सासऱ्यांचं म्हणणं हवेतलं नाही. दोन परिस्थितींत ते बरोबर ठरतील. मोती तिसऱ्या प्रकारातला निघाला, म्हणजे भुंकून तुमच्याकडे बघणारा, तर बिनशर्त चिकन देण्यात अर्थ नाही. तिथे भुंकण्यावर काहीही मिळता कामा नये आणि शांत बसण्यावर भरभरून मिळायला हवं. दुसरी परिस्थिती वेळेच्या चुकीची. बेल वाजली, मोती धावला, अर्धा मिनिट भुंकला, तोवर तुम्ही फ्रीज उघडून डबा शोधलात आणि मग चिकन दिलंत. आता मधे एक लांबलचक भुंकणं येऊन बसलं. बेल आणि चिकन यांचं नातं सैल झालं, आणि भुंकणं व चिकन शेजारी शेजारी आले. असं रोज झालं तर दार, भुंकणं, स्वयंपाकघर, खाऊ अशी साखळी तयार होऊ शकते. बऱ्याच घरांत उपाय बरोबर असूनही फसतो तो इथे.

म्हणून खऱ्या पाहुण्यांच्या वेळी सुरुवात करू नका. दारावरच्या बेलचा आवाज मोबाइलमध्ये रेकॉर्ड करा. उकडलेल्या चिकनचे, मीठ-मसाला न घातलेले, नखाएवढे तुकडे एका डबीत भरून हाताशी ठेवा. मोती दुसऱ्या खोलीत निवांत पडलेला असताना आवाज अगदी कमी ठेवून बेल वाजवा, एवढा कमी की त्याचा कान हलेल पण तो उठणार नाही. एक सेकंद थांबा आणि चिकन द्या, मोती काहीही करत असो. मग चिकन बंद. पुढची बेल थोड्या वेळाने, कधी पाच मिनिटांनी तर कधी पाऊण तासाने, म्हणजे त्याला घड्याळाचा अंदाज येणार नाही. दिवसात थोड्याच वेळा करा. आणि हे चिकन बेलसाठीच राखून ठेवा. रेस्कोर्लांच्या उंदरांचं इथे आठवा: दिवसभर येताजाता चिकन मिळत राहिलं तर बेलच्या खबरीला किंमत उरणार नाही.

काम होतंय हे कसं ओळखायचं? तुकडा खाल्ला एवढ्यावरून नाही. मी मानेकडे बघते. सुरुवातीला बेलच्या आवाजाने डोकं झटकन दाराकडे वळतं, कान पुढे होतात, तोंड मिटतं, क्षणभर श्वासही थांबल्यासारखा वाटतो. काही दिवसांनी त्याच आवाजाला डोकं दाराकडे अर्धवट वळतं आणि तिथूनच तुमच्याकडे परत फिरतं. मिटलेलं तोंड सैल पडून उघडतं, शेपटीचं टोक हलतं, नजर तुमच्या हातावर येते. आज्ञा कोणी दिलेली नसते. बेलचा अर्थ बदलू लागला आहे, तो अंगावर दिसतो. असं वळणं बहुतेक वेळा दिसू लागलं की आवाज किंचित वाढवा. मग खरी बेल, घरातल्याच माणसाने बाहेरून दाबलेली. अनोळखी माणूस अगदी शेवटी.

क्रम मात्र उलटू देऊ नका. डबी उघडण्याचा आवाज आधी आणि बेल नंतर असं होऊ लागलं तर डबीच बेलची धोक्याची सूचना बनते, आणि मोती चिकनकडेच संशयाने बघू लागतो. नखं कापताना हे नेहमी घडतं. घरातले आधी पनीर हातात घेऊन लाडीगोडीने बोलावतात आणि मागून नेलकटर काढतात. थोड्याच दिवसांत कुत्रा पनीर बघून पलंगाखाली जातो. नेलकटर आधी दिसलं पाहिजे, पनीर त्याच्या मागून. पाव्हलॉव्हच्या प्रयोगशाळेतही अन्न आधी आणि खूण नंतर असा क्रम लावला की खुणेला लाळ नीट जोडली जात नसे.

हे चालू असताना खरे पाहुणे येतच राहणार. त्या काळात व्यवस्था बदला. बेल सायलेंट करा किंवा काढून टाका, दारावर 'बेल वाजवू नका, फोन करा' अशी पाटी लावा, पार्सल वॉचमनकडे ठेवायला सांगा. कोणी येणार असेल तर मोतीला आधीच आतल्या खोलीत चघळायला काहीतरी देऊन ठेवा. भीतीचा प्रत्येक मोठा झटका तुमचं काम मागे नेतो, आणि भुंकून माणूस घालवल्याची प्रत्येक खेप त्याचा जुना धडा पक्का करते. लोकांना हा भाग कंटाळवाणा वाटतो. मला विचाराल तर निम्मं यश इथेच असतं.

भीती उतरली की दुसऱ्या नियमाची पाळी, आणि आता सासऱ्यांचा काटेकोरपणा हवाच. बेल वाजली की मोतीने दारापासून लांब ठेवलेल्या चटईवर जाऊन बसायचं. बेल नसताना आधी हे शिकवा: चटईकडे पाहिलं तर तुकडा, पाऊल टाकलं तर तुकडा, बसला तर दोन. आता खाऊ त्याच्या कृतीवर ठरतो आहे, त्यामुळे चटईवर गेला नाही तर काही नाही. पक्कं झालं की आधी बेल, मग चटईची खूण. काही दिवसांनी बेल हीच चटईची खूण होईल. क्लिकर, म्हणजे दाबलं की 'क्लिक' असा आवाज करणारं छोटं साधन, वापरत असाल तर दोन्ही नियम तुमच्या मुठीत एकत्र आलेले असतात. क्लिकच्या मागून खाऊ येतो हे कुत्रा पाव्हलॉव्हच्या पद्धतीने शिकतो, आणि तो क्लिक आपण स्किनरच्या पद्धतीने नेमक्या कृतीवर वाजवतो.

मोती एकदाही भुंकू नये, अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. स्किनरबरोबर काम केलेलं ब्रीलँड दांपत्य, केलर आणि मेरियन, जाहिराती आणि कार्यक्रमांसाठी प्राणी शिकवण्याचा व्यवसाय करत असे. १९६१ साली त्यांनी लिहिलं की नाणी डब्यात टाकायला शिकवलेलं रकून ती टाकायचं सोडून एकमेकांवर घासत बसतं, आणि लाकडी नाणी नेणारं डुक्कर ती वाटेत टाकून नाकाने उकरत राहतं. त्यात उशीर होऊन खाणं लांबलं तरी. प्राण्याच्या जातीत मुरलेलं वागणं बक्षिसाने पूर्ण पुसलं जात नाही. आपली गावठी कुत्री पिढ्यान्‌पिढ्या अनोळखी माणसाची वर्दी देत आली आहेत. मोती दोनदा भुंकून चटईवर जात असेल, तर मी त्याला यश म्हणेन.

ओरडणं, पट्टा हिसकणं, वर्तमानपत्राची गुंडाळी, शॉक देणारी कॉलर, यांबद्दल कोणी ना कोणी तुम्हाला सांगेलच, म्हणून स्पष्ट लिहिते: भीतीने भुंकणाऱ्या कुत्र्यावर यातलं काहीही करू नका. भुंकणं कधीकधी लगेच थांबतं, आणि म्हणूनच लोक फसतात. ऑपरंट नियमाने कुत्रा शिकतो की गुरगुरलं तर दुखतं, म्हणून गुरगुरणं बंद. पण त्याच क्षणी क्लासिकल नियमही चालूच असतो: अनोळखी माणूस आला की मला दुखतं. भीती आतून वाढली आणि तिची सूचना बाहेर द्यायची मात्र सोय राहिली नाही. 'काहीही न करता अचानक चावला' अशी ज्या कुत्र्यांची ख्याती होते, त्यांच्यातल्या अनेकांच्या मागे हा इतिहास मला सापडतो. गुरगुरणं ही कुत्र्याने दिलेली पूर्वसूचना आहे. ती बंद पाडू नका.

उलट फेरा येईल, याचीही तयारी ठेवा. पाव्हलॉव्हने टिकटिक ऐकवून अन्न देणं बंद केलं तेव्हा लाळ कमी होत थांबली, पण काही वेळाच्या विश्रांतीनंतर तीच टिकटिक ऐकवली तर थोडी लाळ पुन्हा आली. जुनं शिकलेलं पुसलं जात नाही, त्यावर नवं शिकलेलं बसतं, आणि नवं बहुतेक ज्या जागी शिकलं त्या जागेला जास्त चिकटलेलं असतं. म्हणून घरी शांत झालेला मोती मामाच्या घरची बेल ऐकून पहिल्यासारखा भुंकला तर सगळं वाया गेलं असं समजू नका. तिथे पुन्हा हलक्या आवाजापासून सुरू करा. यावेळी बहुधा लवकर जमेल. दिवाळीत फटाक्यांचे चार-पाच दिवस तर बेलचा सराव पूर्ण थांबवा. त्या दिवसांत त्याचं अंग आधीच ताणलेलं असतं, आणि त्यात बेलही फटाक्यांच्याच यादीत जाऊन बसू शकते.

थोडक्यात क्रम असा: आधी व्हिडिओ बघून भीती आहे का ते ठरवा. भीती असेल तर बेलनंतर लगेच, बिनशर्त चिकन, आणि तोवर खऱ्या बेलपासून त्याला वाचवा. नजर दाराकडून तुमच्याकडे फिरू लागली की चटईचं काम, तिथे अट काटेकोर. भीती नसून तो तुमच्याकडून काहीतरी उकळण्यासाठी भुंकत असेल तर थेट चटईपासून सुरू करा.

आणि काही बाबतींत घरच्या घरी प्रयत्न करू नका. मोती कोणाला चावला असेल किंवा दात लावले असतील, तर त्याला बास्केट पद्धतीच्या मझलची, म्हणजे तोंडावर बांधायच्या जाळीची, सवय लावून घ्या. त्यात तो तोंड उघडून धापू शकतो आणि खाऊही घेऊ शकतो. सवयही तशीच लावा, आधी मझल दिसला, मग चिकन. भुंकणं अलीकडेच अचानक वाढलं असेल तर आधी पशुवैद्याकडून तपासणी करून घ्या. कान, दात किंवा सांधे दुखणारा कुत्रा साध्या आवाजालाही उसळतो, आणि दुखणं असताना चिकनचा उपयोग मर्यादित राहतो. आवाज अगदी कमी ठेवूनही तो चिकनकडे ढुंकून बघत नसेल, तर त्याची भीती सरावाने हाताळता येईल त्या पातळीच्या वर आहे. अशा वेळी वागणुकीचा अनुभव असलेल्या पशुवैद्याशी औषधांबद्दल बोला. औषध सुरू केलं म्हणून सराव सुटत नाही, उलट तो शक्य होतो. व्हिडिओ काढल्यावर त्याचे कान, शेपटी आणि बेलनंतरच्या पहिल्या दोन सेकंदांत तो काय करतो, एवढं लिहून कळवा, म्हणजे आवाज कुठून सुरू करायचा ते नेमकं सांगता येईल.